पत्र्याची कोंबडी आणि पिठाचा कोंबडा



चावीच्या खेळण्याला एकच गोष्ट येते. माकड झांजा वाजवतं, बेडूक उड्या मारतो, कोंबडी दाणे टिपते. दुसरं काही करायला सांगा, जमणार नाही. मिनिटभरात तेही संपतं आणि पुन्हा चावी द्यावी लागते. तरीसुद्धा आपल्या हिंगोलीच्या दसऱ्यात, रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात, एखादा खेळणीवाला फळीवर अशी दोन-चार खेळणी सोडतो तेव्हा लेकरांच्या मागं उभे असलेले आजोबाही हसतात. भांड्यांच्या दुकानाकडं निघालेल्या आपण बायकाही घटकाभर थांबतोच. आपला हा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा जुना आहे. या मैदानावर किती पिढ्या अशा थांबल्या असतील!

माणूस हसतो कशाला, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, खेळणं करणारा कारागीर चांगला नकलाकार असतो. कोंबडी दिवसभर किती गोष्टी करते! माती उकरते, पंख झाडते, पिलांना हाक मारते. कारागिरानं त्यातलं फक्त मान खाली-वर करणं घेतलं. बेडकाची फक्त उडी घेतली, बदकाचं फक्त डुलत चालणं. आपल्याकडं लग्नघरात एखादी आत्या कुणा पाहुण्याची नक्कल करते, तेव्हा ती सगळा माणूस थोडीच उभा करते? तिचं एक खोकणं, एक पदर सावरणं, की आपण ओळखतो आणि हसून बेजार होतो. तसंच आहे हे.

काही खेळण्यांत तर कारागिराची चलाखी पाहून थक्क व्हायला होतं. टेबलावरून न पडणारा पत्र्याचा किडा तुम्ही पाहिलाय का? तो सरळ काठापर्यंत येतो. आता पडला, म्हणून आपण हात पुढं करतो, तेवढ्यात तो गर्रकन वळतो आणि दुसरीकडं निघतो. त्याला डोळे नाहीत, सेल नाहीत. पोटाखाली पुढच्या बाजूला एक छोटं चाक आडवं बसवलेलं असतं. एरवी ते टेबलाला टेकत नाही. किड्याचं पुढचं टोक काठाबाहेर गेलं की नाक जरा खाली झुकतं आणि ते आडवं चाक टेकतं. ते बाजूच्या दिशेनं फिरत असतं, म्हणून सगळा किडा वळतो. एवढंच! आपल्याला मात्र वाटतं, त्याला खाली पाहून भीती वाटली.

लाकडी फळीवरच्या दाणे टिपणाऱ्या चिमण्या आपण लहानपणी खेळलो आहोत. फळीखाली दोऱ्यांना एक गोळा टांगलेला असे. फळी गोल हलवली की चिमण्या आळीपाळीनं टकटक करत. पण हात थांबला की चिमण्याही थांबायच्या. चावीनं यात एक नवी गंमत आणली. हाताची मेहनत आधी करायची, ती आत साठून राहते, आणि मग हात सोडून नुसतं बघत बसायचं. युरोपात अशा पत्र्याच्या खेळण्यांसाठी जर्मनीतलं न्यूरेंबर्ग शहर नावाजलेलं होतं. सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई करायची, मग तो साच्यात दाबून त्याला आकार द्यायचा, अशी रीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कारागिरांनी अमेरिकी सैनिकांनी फेकलेल्या डब्यांच्या पत्र्यापासूनही खेळणी केली. अशा काही खेळण्यांच्या आतल्या बाजूला जुन्या डब्याची छपाई दिसते. पुढं १९७० च्या दशकात जपानच्याच टोमी कंपनीनं तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची चावीची खेळणी काढली आणि ती जगभर पसरली.

आपल्या घरांत मात्र अशा खेळण्यांबद्दल एक वेगळाच प्रश्न येतो. पाठशाळेत आपण लेकरांना सांगतो की प्राण्याच्या आकाराचं बिस्किट किंवा साखरेचा हत्ती-घोडा खाऊ नये. साखरेत जीव नसतो, हे लेकराला कळतं. पण खाताना त्याच्या तोंडून निघतं, ‘मी हत्तीचं डोकं खाल्लं!’ आणि मन त्या वाटेला लागतं. श्रावकाला सगळी हिंसा टाळता येत नाही. चूल पेटवायची आहे, शेती-धंदा करायचा आहे, वेळ आली तर स्वतःला वाचवायचं आहे. पण संकल्पी हिंसा, म्हणजे मारायचं असं ठरवून केलेली हिंसा, त्यानं पूर्ण टाळायची असते. साखरेच्या हत्तीपासून लेकराला आवरायचं ते याच्यासाठी.

मग पत्र्याची कोंबडी, माकड, बेडूक घरात आणावेत की नाहीत? आमच्या मंडळातल्या दोघी-तिघींनी मला हे विचारलं. लेकरं खेळणी आपटतात, मान मुरगाळतात, पाय उपटतात. प्राण्याचं खेळणंच नको, गाडी-विमान आणावं, असं एकीचं म्हणणं. मी तेव्हा लगेच उत्तर दिलं नाही. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर गेल्या दिवाळीत मिळालं. ते माझ्या सासूबाईंनी दिलं.

आमच्याकडं पत्र्याची एक कोंबडी आहे. १९६८ च्या दसऱ्यात माझ्या सासऱ्यांनी ती थोरल्या लेकीसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी घेतली होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आपला वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. नणंद सात वर्षांची होती. नवव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा एक फोटो आणि ही कोंबडी, एवढंच घरात उरलं होतं. कोंबडी सासूबाईंच्या कपाटात, चांदीच्या भांड्यांशेजारी, मऊ फडक्यात गुंडाळलेली असायची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्या ती बाहेर काढायच्या. चार पिळे द्यायच्या, तिचं टिपून होईपर्यंत बघत बसायच्या आणि पुन्हा ठेवून द्यायच्या. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात न सांगता पडलेला रिवाज. पाच-सहा वर्षांपूर्वी चावी नुसतीच गोल फिरायला लागली. पीळ धरेना. तरी दसऱ्याला त्या कोंबडी काढायच्या, पुसायच्या आणि ठेवायच्या.

गेल्या वर्षी सासूबाईंना पंच्याऐंशी पूर्ण झाली. दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू पुण्याहून आला. तो आठ वर्षांचा. कपाट आवरताना त्यानं कोंबडी पाहिली, चावी फिरवून पाहिली आणि म्हणाला, ‘मोठी आजी, ही आतून तुटलीय. उघडून बघू?’

माझा लेक जागेवरून उठलाच. ‘खाली ठेव ती!’ त्याची भीती खोटी नव्हती. अशी खेळणी स्क्रूनं जोडलेली नसतात. एका अर्ध्या भागाला पत्र्याच्या बारीक जिभा असतात, त्या दुसऱ्या भागाच्या फटींतून काढून दुमडलेल्या असतात. दुमडलेला पत्रा एकदा सरळ होतो, फार तर दोनदा. मग तुटतो. आमच्या कोंबडीला अशा सहा जिभा, आणि पत्रा पन्नासहून जास्त वर्षांचा. तीन-चार तुटल्या असत्या तर कोंबडी पुन्हा मिटली नसती.

सासूबाईंनी नातवाला जवळ बसवलं. ‘उघडून काय करणार?’

‘काय तुटलं ते बघणार.’

‘आणि नीट नाही झाली तर? आपटशील?’

त्यानं मान हलवली. ‘नाही. परत बंद करून देईन.’

मग त्यांनी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या बहुतेकींना ती ठाऊक आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर. त्याला वाईट स्वप्न पडलं म्हणून त्याची आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा म्हणाला, जीव मारणार नाही. आई ऐकेना. शेवटी तडजोड झाली. पिठाचा कोंबडा करायचा आणि तोच कापायचा. पिठाच्या कोंबड्यावर राजानं तलवार चालवली. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मायलेकांना पुढं जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनींत फिरावं लागलं. मोर झाले, कुत्रा झाले आणि शेवटी कोंबडा-कोंबडी होऊन बाणानं मेले.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, ‘पण पिठाला तर लागत नाही ना?’

‘पिठाला नाही लागत,’ सासूबाई म्हणाल्या, ‘राजानं तो कोंबडा समजून मारला ना, ते त्याला लागलं.’

‘मग ही उघडली तर मला लागेल?’

‘मारायला उघडलीस तर लागेल. नीट करायला उघडलीस तर काय लागायचंय? उघड.’

मैत्रिणींनो, त्या ‘उघड’ला काय मोल होतं, ते आम्ही घरातली माणसंच जाणतो.

लेकानं बोथट सुरीनं एकेक जीभ सावकाश उचलली. नातवानं बॅटरी धरली. एक जीभ तुटलीच. सासूबाईंनी तो तुकडा उचलून वाटीत ठेवला, बोलल्या काही नाहीत. कोंबडीचे दोन भाग वेगळे झाले आणि आम्ही सगळ्यांनी डोकी खाली घातली.

आत काय असतं सांगते. पोलादाची एक लांब पातळ पट्टी गुंडाळलेली असते, घड्याळजी तिला कमान म्हणतात. चावी फिरवली की ती घट्ट गुंडाळली जाते. एक खटका असतो, तो चावीला उलटं फिरू देत नाही. टिक टिक आवाज येतो तो त्याचा. कमान सुटायला लागली की दातेरी चाकं फिरतात. पण तिला मोकळं सोडलं तर ती क्षणात भर्रकन सुटून जाईल आणि खेळ संपेल. म्हणून शेवटच्या दातेरी चाकावर एक इवलासा डुलणारा तुकडा असतो. तो दर दाताला अडवतो आणि सोडतो, अडवतो आणि सोडतो. आपल्याला जी ‘कर्र कर्र’ ऐकू येते ती याची. नातू म्हणाला, ‘म्हणजे हा कोंबडीचा आवाज नव्हताच!’

मला सगळ्यात आवडलं ते मान हलवणारं चाक. ते पूर्ण गोल नव्हतं. त्याला शेजारी-शेजारी दोन उंचवटे होते आणि बाकीची कड सपाट होती. उंचवटा आला की मान खाली जाते. म्हणून आमची कोंबडी दोनदा टिपायची, मग जरा थांबायची, मग पुन्हा दोनदा. चारी बाजूंना सारखे उंचवटे दिले असते तर ती शिवणयंत्राच्या सुईसारखी नुसती वर-खाली झाली असती. खरी कोंबडी दाणा टिपून मान वर करते, इकडंतिकडं बघते, मग पुन्हा टिपते. त्या कारागिरानं ते बघून ठेवलं होतं आणि थांबण्यासाठी चाकावर जागा सोडली होती. तो कोण, कुठला, देव जाणे. पण एखाद्या अंगणात बसून त्यानं कोंबडीकडं निवांत पाहिलं असणार, आणि प्रेमानं पाहिलं असणार.

कमानीचं आतलं टोक चावीच्या दांडीला अडकवलेलं असतं. तेवढंच तुटलं होतं. जुन्या गावातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी ते टोक लाल होईपर्यंत तापवलं आणि सावकाश गार होऊ दिलं. तसं केलं की कडक पोलाद तेवढ्यापुरतं मऊ पडतं आणि न तुटता वाकतं. मग त्यांनी त्याला नवा आकडा करून दिला. बोटभर कमान त्यात गेली. त्यामुळं कोंबडी आता पूर्वीपेक्षा थोडी लवकर थांबते. पाच जिभांवर ती नीट मिटली आहे.

पहिली चावी सासूबाईंनीच दिली. कोंबडी टिपत टिपत मंद झाली, शेवटी मान अर्ध्यावर येऊन थांबली. आम्ही नेहमीसारखे गप्प होतो. सासूबाईंनी ती उचलली आणि नातवाच्या हातात दिली. ‘आता तू दे चावी.’ तेव्हापासून कोंबडी कपाटात गेली नाही. दिवाणखान्यात फळीवर असते. येणारं-जाणारं लेकरू चावी देतं. सासूबाई कधी बघतात, कधी जप करत असतात. नणंदेचं नाव या घरात फारसं घेतलं जात नसे. आता लेकरं विचारतात, ‘ही कुणाची?’ आणि त्या नाव सांगतात.

नंतर मी यशोधराच्या कथेबद्दल थोडं वाचलं, तेव्हा आणखी एक गंमत हाती लागली. सोमदेवसूरींनी ही कथा यशस्तिलकचंपूमध्ये सांगितली, ती इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात. त्याच ग्रंथात राजाच्या यंत्रधारागृहाचं वर्णन आहे, म्हणजे उन्हाळ्यात गारव्यासाठी केलेलं, यंत्राच्या पुतळ्यांनी पाणी उडवणारं कारंज्यांचं घर. ज्या आचार्यांनी पिठाच्या कोंबड्याचं पाप सांगितलं, त्यांनीच यंत्राच्या पुतळ्यांचं कौतुकही लिहिलं. त्याच शतकात पुष्पदंतांनी मान्यखेटला, आजच्या मळखेडला, हीच कथा अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ म्हणून रचली. डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं ते काव्य १९३१ मध्ये छापून निघालं, तेही आपल्यापासून फार दूर नसलेल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत. आणि यशस्तिलकावरचा कृष्णकांत हंडिकी यांचा मोठा अभ्यासग्रंथ १९४९ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं काढला. आपल्या माणसांनी किती सांभाळून ठेवलंय बघा.

यंत्र तेच असतं, करणाऱ्याचा भाव वेगळा असतो. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. वाघानं एका गोऱ्या माणसाला खाली पाडलेलं आहे. दांडा फिरवला की माणसाचा हात हलतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. कारागिरी मोठीच. पण आमची कोंबडी थांबते तेव्हा लेकरू ‘आणखी एकदा’ म्हणतं. वाघाचा दांडा पुन्हा फिरवायचा म्हणजे कण्हणंच पुन्हा ऐकायचं.

म्हणून मंडळातल्या त्या मैत्रिणींना आता माझं उत्तर असं आहे. प्राण्याचं खेळणं जरूर आणा. कारागिरानं त्या जिवाकडं प्रेमानं पाहून ते केलंय का, एवढं बघून घ्या. मारामारी करणारं, गळा धरणारं नको. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआयची खूण लागते, तीही बघा. पत्र्याच्या कडांवरून आधी आपलं बोट फिरवा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला सुटे भाग असलेलं खेळणं देऊ नका. चावी उलटी फिरवायची नाही, आणि अडली की जोर करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. जमलं तर स्क्रूनं उघडणारं खेळणं घ्या. ते उघडूनही दाखवता येतं.

चावी देण्याआधी लेकराला विचारा, ‘हे काय करेल, सांग बघू?’ थांबलं की विचारा, ‘का थांबलं?’ आणि एखाद्या दिवशी ते मोडलेलं खेळणं हातात घेऊन समोर उभं राहिलं, तर लगेच पाठीत धपाटा घालू नका. रागानं मोडलं असेल तर त्याच्याशी त्या रागाबद्दल बोला. आत काय आहे ते बघायला मोडलं असेल, तर एक जुनी वाटी द्या, सुटे भाग तीत ठेवायला.

जय जिनेंद्र.